‘हे तर उघडच आहे’ असं अरबीत लिहिताना : आखातातल्या एका पत्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

संयुक्त अरब अमिरातीत इमारतींच्या देखभालीची कामं घेणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत हे घडलं. कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्रांतली वादाची वाक्यं मात्र तशीच ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

कंपनीचं वातानुकूलनाचं काम सांभाळणारे अभियंते कोल्हापूरकडचे, आखातात बरीच वर्षं काढलेले. अरबी पत्रव्यवहार पाहणारी तरुणी रत्नागिरी जिल्ह्यातली. घरात कोकणी आणि मराठी, शाळा उर्दू माध्यमाची, पुढे मुंबईत अरबी घेऊन एम.ए. तिचे मामू आलिम, म्हणजे इस्लामी धर्मविद्येचे जाणकार. सुट्टीत त्यांच्यापुढे बसून तिनं मंतिकची, म्हणजे अरबी परंपरेतल्या तर्कशास्त्राची, सुरुवातीची पुस्तकं वाचलेली होती. या शिक्षणाचा पुढे दोनदा संबंध येतो: एकदा अडचण होण्यात आणि एकदा ती सुटण्यात.

ग्राहक म्हणजे एक निमसरकारी शैक्षणिक संस्था. तिच्या इमारतींच्या वातानुकूलनाचं वार्षिक देखभालीचं कंत्राट या कंपनीकडे होतं. करार दोन रकान्यांत छापलेला, उजवीकडे अरबी आणि डावीकडे इंग्रजी. दोन्हींत फरक आढळला तर अरबी मजकूर ग्राह्य, असं एक कलम. तिथे हे नेहमीचंच, कारण दुबई आणि अबुधाबीतल्या वित्तीय केंद्रांची इंग्रजीत चालणारी न्यायालयं सोडली तर देशातल्या न्यायालयांचं कामकाज अरबीत चालतं.

अरबी रकान्यात कामाचं वर्णन होतं ‘सियाना शामिला’, म्हणजे सर्वसमावेशक देखभाल. ‘शामिल’ हाच शब्द मराठीत ‘सामील’ होऊन बसला आहे, तेव्हा अर्थ आपल्यालाही चटकन कळतो: सगळं आत आलं. इंग्रजी रकान्याला मात्र एक जोडपत्र होतं. त्यात झिजून किंवा वापरून संपणाऱ्या वस्तूंचे पैसे वेगळे लागतील, असं एक वाक्य होतं. या जोडपत्राचं अरबी कधी झालंच नाही. सही करताना ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत त्याची गरजही पडली नाही.

उन्हाळ्यात धुळीची वादळं झाली. फिल्टर बदलले, काही ठिकाणी पंख्यांचे बेल्ट बदलले, आठ-दहा युनिटांत गॅस भरला. कंपनीनं या तिन्हींची वेगळी बिलं पाठवली. त्यावर संस्थेचं पत्र आलं. विषय ‘इस्तीदाह’, म्हणजे स्पष्टीकरणाची विनंती. भाषा अतिशय सौम्य होती. करार सर्वसमावेशक असताना ही बिलं कोणत्या आधारावर आहेत ते कळवण्याची कृपा करावी, एवढंच विचारलं होतं. खाली संचालकांची सही.

वाक्य कसं निवडलं गेलं

अभियंत्यांनी चार ओळींचा इंग्रजी मसुदा दिला. त्याची सुरुवात, मराठीत सांगायची तर, ‘हे तर उघडच आहे की अशा वस्तू देखभालीत येत नाहीत’ अशी होती. ते रोज असंच बोलतात. या धंद्यातली माणसं आपसांत असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दुपारची वेळ, मंदूब (सरकारी कचेऱ्यांत कागद पोचवणारा कंपनीचा माणूस) गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. “ताई, जरा चांगल्या अरबीत घाला,” एवढीच सूचना मिळाली.

तिनं चांगल्या अरबीत घातलं. ‘मिनल-बदीही अन्न’ या शब्दांनी पत्राचा पहिला परिच्छेद सुरू झाला. पुढचा अर्थ असा: वापरून संपणाऱ्या वस्तू, ज्यांत फिल्टर, बेल्ट आणि गॅस येतात, देखभालीच्या व्याप्तीत समाविष्ट नाहीत.

इथे थोडं थांबून या शब्दाकडे पाहायला हवं, कारण तिची निवड घाईची होती तरी अडाणी नव्हती. ब-द-ह या धातूचा गाभा आहे अचानक समोर येणं. तयारी न करता, जागच्या जागी शेर रचण्याला उर्दू मुशायऱ्यात ‘फिलबदीह’ म्हणतात, तो याच धातूतून आलेला शब्द. मंतिकमध्ये ज्ञानाचे दोन भाग करतात. विचार करून, पुरावा जोडून मिळवावं लागतं ते ‘नजरी’. विचार न करताच मनाला पटतं ते ‘बदीही’. पूर्ण हे भागापेक्षा मोठं, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. गणितातल्या स्वयंसिद्धांनाही अरबीत ‘बदीहिय्यात’ म्हणतात. तेव्हा ‘मिनल-बदीही’ म्हणजे नुसतं ‘अर्थातच’ नाही. ज्याला पुरावा मागताच येत नाही अशा पायाभूत गोष्टींपैकी ही एक, असा त्याचा पूर्ण अर्थ. वर्तमानपत्रांतले अग्रलेख, विद्यापीठातले प्रबंध, परिषदांतली भाषणं यांत हा शब्दप्रयोग सर्रास दिसतो, आणि तिथे तो शोभतोही.

रूपाचीही तिनं खात्री केली होती. शुद्धतेचा आग्रह धरणारे वैयाकरण म्हणतात की मदीनावरून मदनी आणि हनीफावरून हनफी होतं, तसं बदीहावरून ‘बदही’ व्हायला हवं. पण वापरात ‘बदीही’ इतकं रुळलं आहे की पत्रात तेच लिहिलेलं बरं. हा निर्णय योग्य होता. व्याकरण, शब्दांचा दर्जा, वाक्यरचना, कशातही बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच पत्र कुणी अडवलं नाही आणि ते त्याच दुपारी संस्थेच्या आवक नोंदवहीत चढलं.

अडचण

दोन आठवडे काहीच हललं नाही. मंदूब धनादेशाची चौकशी करायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की फाइल कायदा विभागाकडे आहे. वादग्रस्त बिलांबरोबर नेहमीचं तिमाही बिलही तिथेच अडकलं. मग उत्तर आलं. ते आधीच्या पत्रापेक्षा लहान होतं आणि त्यातली कृपेची शब्दयोजना गेली होती. आम्ही स्पष्टीकरण मागितलं होतं, आमच्या दृष्टीनं ही गोष्ट बदीही नाही, आणि तुम्ही म्हणता ती ‘बदाहा’, म्हणजे स्वयंसिद्धता, कराराच्या कोणत्या कलमातून निघते ते लेखी कळवावं.

हे उत्तर माझ्याकडे आलं, कारण कंपनीला आता बाहेरच्या अनुवादकाची नजर हवी होती. मी दोन्ही पत्रं ओळीनं वाचली. संस्थेचा राग सोडला तरी तिचा प्रश्न बिनतोड होता. एखादी गोष्ट स्वयंसिद्ध आहे असं तुम्ही त्या माणसाला सांगता, ज्यानं नुकतंच तुम्हाला तिच्याबद्दल विचारलं आहे. मग याचा एकच अर्थ उरतो: जे शाळकरी पोरालाही कळतं ते तुम्हाला कळलं नाही. अग्रलेखात ‘मिनल-बदीही’ वाचणारा वाचक तिऱ्हाईत असतो, तो लेखकाच्या बाजूला उभा राहून मान डोलावतो. पत्राचा वाचक समोर उभा असतो. शब्द तोच, दर्जाही तोच. बदलली ती फक्त दिशा, आणि तेवढ्यानं औपचारिक वाक्य अपमानकारक झालं.

वाक्यातल्या ‘अन्न’नं त्यात भर घातली. अरबीत ‘बदीही’नंतर दोन प्रकारे पुढे जाता येतं. ‘अन्न’ आणि त्यामागे नाम आलं तर वस्तुस्थितीचं ठाम विधान होतं: समाविष्ट नाहीत. ‘अन’ आणि त्यामागे क्रियापद आलं तर ‘नसावीत हे स्वाभाविक’ अशी अपेक्षेची छटा येते. तिनं पहिला प्रकार वापरला होता. व्याकरणाच्या अंगानं ते बरोबरच, कारण कंपनीला दावाच करायचा होता. पण वाचणाऱ्याला तो निकाल वाटला.

समोरचे पर्याय

पहिला विचार आला तो पत्र मागे घेण्याचा. संचालकांच्या कार्यालयात जाऊन, कॉफी घेऊन, तोंडी दिलगिरी व्यक्त करायची आणि जुनं पत्र बाजूला ठेवायची विनंती करायची. आखातात समोरासमोर बसण्याला मोठी किंमत आहे, त्यामुळे अभियंत्यांचा कल इकडे होता. पण पत्राला ‘वारिद’ क्रमांक, म्हणजे आवक क्रमांक, पडलेला होता. तो पडला की कागद फाइलमध्ये राहतो. शिवाय संस्थेनं लेखी उत्तर मागितलं होतं. भेटीनं मन वळलं असतं, पण कायदा विभागाची फाइल वळली नसती.

दुसरा पर्याय तरुणीनं सुचवला: वाक्य तेच ठेवायचं, फक्त सुरुवात बदलायची. ‘मिनल-बदीही’ऐवजी ‘कमा ला यख्फा अला सआदतिकुम’, म्हणजे ‘आपणापासून हे लपलेलं नाहीच’. ‘सआदत’ ही तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीची पदवी. ही पत्रलेखनातली सुंदर पद्धत आहे आणि मराठीला ती परकी वाटायचं कारण नाही. आपल्या जुन्या पत्रांत ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ असं येतं, त्यातला भाव नेमका हाच. गोष्ट सोपी आहे असं न म्हणता वाचणारा जाणता आहे असं म्हणायचं.

मला हा पर्याय धोक्याचा वाटला. सर्वमान्य गोष्टीच्या आधी हे शब्द आले तर तो मान असतो. वादाच्या गोष्टीआधी आले तर तो सापळा होतो, कारण ‘तुम्हाला हे माहीतच आहे’ असं म्हणून आपण समोरच्याच्या तोंडी कबुली घालतो. संचालकांनी आधीच लिहून कळवलं होतं की आम्हाला हे मान्य नाही. त्यावर ‘आपणास ठाऊकच आहे’ असं गेलं असतं तर कायदा विभागानं त्याला हरकत घेतलीच असती.

‘गनी अनिल-बयान’ (जे सांगण्यावाचून अडत नाही असं) आणि ‘मिन नाफिलतिल-कौल’ यांचाही विचार झाला. यातला दुसरा मला फार आवडतो. ‘नाफिला’ म्हणजे फर्जच्या वर, स्वेच्छेनं अदा केलेली जादाची नमाज. कोकणातल्या मुसलमान घरांत ‘नफिल’ म्हणतात ती हीच. ‘हे बोलणं नफिल आहे’, म्हणजे मी सांगतोय ते गरजेपेक्षा जास्त आहे. इथे जादापणा बोलणारा स्वतःकडे घेतो, ऐकणाऱ्यावर टाकत नाही, म्हणून हा प्रयोग पुष्कळ मवाळ आहे. पण ज्यानं विचारलं आहे त्याला ‘सांगायची गरज नाही’ असं कितीही नम्रपणे सांगितलं तरी ते उत्तर होत नाही. मराठीत आपण ‘सांगून काय हशील’ म्हणतो. त्या हशिलाचा मूळ शब्द अरबी ‘हासिल’, आणि अरबीत ‘तहसील हासिल’ म्हणजे जे हातात आहे तेच पुन्हा मिळवणं, निरर्थक पुनरुक्ती. संस्थेच्या हातात उत्तर नव्हतं. तेव्हा उत्तर देणं ही पुनरुक्ती ठरणारच नव्हती.

‘अन्न’च्या जागी ‘अन’ घालायचा एक बारीक उपायही निघाला. त्यानं सूर उतरला असता, पण दावाही उतरला असता. ‘समाविष्ट नसावीत हे स्वाभाविक’ असं लिहिलं की करारात तसं लिहिलेलं नाही हे आपणच मान्य केल्यासारखं होतं. एका अक्षराच्या फरकानं पैशाचा प्रश्न सुटणार नव्हता आणि बिघडण्याची शक्यता मात्र होती.

कंपनीच्या व्यवस्थापनाला वकिलामार्फत रूढीचा आधार घ्यायचा होता. त्याला भक्कम परंपरा आहे. 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या उस्मानी ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेतलं 43 वं कलम सांगतं की रूढीनं जे ठाऊक आहे ते अट म्हणून लिहिल्यासारखंच. अमिरातीच्या 1985 च्या दिवाणी व्यवहार कायद्यातही करारात स्पष्ट लिहिलेल्या गोष्टींबरोबर कायदा, रूढी आणि व्यवहाराचं स्वरूप यांतून येणारी बंधनं धरली होती. देखभालीच्या धंद्यात अशा वस्तूंचे पैसे वेगळे घेतात हे सिद्ध करणं अवघडही नव्हतं. पण त्याच मजल्लाचं 13 वं कलम म्हणतं की स्पष्ट शब्द असताना सूचित अर्थाला किंमत नाही. इथे स्पष्ट शब्द होता ‘शामिला’, तोही ग्राह्य धरायच्या अरबी रकान्यात. आणि वकिलाची नोटीस गेली की पुढची वर्षं या ग्राहकाकडून काम मिळणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

शेवटचा पर्याय सगळ्यांत कमी आकर्षक होता. उघडपणाची भाषा पूर्ण काढायची आणि प्रत्येक बिलाचं कारण एकेक करून लिहायचं.

निर्णयाला वळण कशामुळे मिळालं

खरं तर हा निर्णय भाषेच्या चर्चेनं झाला नाही. मी अभियंत्यांना एकच विनंती केली: गॅस ही वापरून संपणारी वस्तू का, हे दोन वाक्यांत लिहून द्या, मी त्याचं अरबी करतो. त्यांनी लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यावर थांबले.

वातानुकूलन यंत्रातला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो, आणि चक्र चालू राहतं. तो पेट्रोलसारखा जळत नाही आणि बेल्टसारखा झिजत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती शोधून बंद करणं हे तर देखभालीचं मूळ काम. म्हणजे पत्रात जी गोष्ट स्वयंसिद्ध म्हणून लिहिली होती ती, निदान गॅसपुरती, खरीच नव्हती. “तोंडी बोलताना आपण तिन्ही एकत्रच धरतो,” ते म्हणाले, “लिहायला बसल्यावर वेगळे होतात.”

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची जागा ही. ‘बदीही’ या शब्दानं कारण लिहिण्याची गरजच संपवली होती, म्हणून कारण तपासलं गेलं नव्हतं. दुसरा कुठलाही मवाळ शब्दप्रयोग घातला असता तरी हेच झालं असतं. सूर सुधारला असता आणि आत चुकीचा दावा तसाच राहिला असता.

त्याच आठवड्यात तरुणीनं मामूंना फोन केला. त्यांनी तिला तिच्याच जुन्या धड्यातली एक गोष्ट आठवून दिली. मंतिकचे अभ्यासक ‘बदीही’तही दोन प्रकार करतात: ‘जली’, म्हणजे लख्ख, आणि ‘खफी’, म्हणजे झाकलेलं. स्वयंसिद्ध गोष्टही एखाद्यापासून झाकलेली असू शकते, कारण तिच्यातल्या संज्ञा त्याच्या मनात अजून स्पष्ट नसतात. अशा वेळी पुरावा द्यायचा नसतो, ‘तनबीह’ करायचा असतो, लक्ष वेधायचं असतं. मराठीत येताना या शब्दाची ‘तंबी’ झाली आणि तो दरडावणीचा झाला. मूळ अर्थ सौम्य आहे. “तू त्यांना तनबीह करायला हवा होतास, तू तंबी दिलीस,” असं मामू म्हणाले. तिनं हे मला सांगितलं तेव्हा पत्राचा पुढचा आराखडा जवळजवळ तयारच झाला.

काय केलं

आधी भेट झाली. अभियंते एकटे गेले, सोबत कुठलाही कागद नेला नाही. पत्राच्या शब्दांबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि सविस्तर उत्तर आठवड्यात येईल एवढंच सांगितलं. बिलांचा विषय त्यांनी मुद्दाम काढला नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. खेद आणि मागणी एकाच बैठकीत आली की खेद हा मागणीचाच भाग वाटतो.

मग पत्र. त्यात पहिला प्रश्न होता जुन्या पत्राचं काय करायचं. ‘इल्हाकन बि-किताबिना’, म्हणजे ‘आमच्या पत्राला जोडून’, असं लिहिलं तर जुना दावा कायम राहतो. म्हणून हे पत्र आधीच्या पत्राची जागा घेईल, असं स्पष्ट लिहिलं. व्यवस्थापनाला ते माघार घेतल्यासारखं वाटत होतं. पण गॅसबद्दलचं चुकीचं विधान फाइलमध्ये जिवंत ठेवणं जास्त महाग पडलं असतं, हे अभियंत्यांनीच त्यांना पटवलं.

पत्राची सुरुवात संस्थेच्या पत्राच्या क्रमांकानं आणि तारखेनं केली, चौकशीबद्दल आभार मानले, आणि ‘नवद्दु अन नुवद्दिह’, म्हणजे ‘आम्ही स्पष्ट करू इच्छितो’, या साध्या शब्दांनी पुढे गेलो. अरबी मजकुरात ‘शामिला’ आहे आणि इंग्रजी जोडपत्रातलं वाक्य अरबीत नाही, हे कंपनीनं स्वतःच लिहिलं. संस्थेनं ते काढण्याआधी आपण सांगितलं की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास वाढतो, असं माझं मत होतं. त्यावर बराच वाद झाला आणि अखेर ते मान्य झालं.

यानंतर वस्तू एकेक करून घेतल्या. फिल्टर आणि बेल्ट ‘मवाद इस्तिहलाकिय्या’, वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणून दाखवले. वादळांमुळे ते किती वेळा बदलावे लागले त्याच्या नोंदी जोडल्या आणि या रकमेबाबत संस्थेनं विचार करावा अशी विनंती केली. गॅसचं बिल मागे घेतलं. कारण एका वाक्यात दिलं: गॅस बंद चक्रात फिरतो, तो कमी होणं हे गळतीचं लक्षण आहे, आणि गळतीची दुरुस्ती आमच्या कामात येते. सगळ्या पत्रात ‘उघड’, ‘स्वाभाविक’, ‘निःसंशय’ अशा अर्थाचा एकही शब्द नव्हता. ‘कमा ला यख्फा’ फक्त एकदा आलं, या उन्हाळ्यात धुळीची वादळं जास्त झाली या वाक्याआधी. ते संचालकांनी खिडकीतून पाहिलेलंच होतं, तिथे तो मान खरा होता. शेवट नेहमीच्या ‘व तफद्दलू बि-कबूल फाइकिल-इहतिराम’नं, आपला परमादर स्वीकारावा अशा अर्थाच्या समारोपानं केला.

मसुदा तरुणीनं लिहिला, मी तपासला. हे ठरवून केलं. तिचं अरबी उत्तम आहे आणि हे पत्र तिच्याकडून काढून घेणं अन्यायाचं झालं असतं. मी तिला एवढंच सुचवलं की मसुदा पूर्ण झाल्यावर तो संचालकांच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचा.

काय निष्पन्न झालं

अडकलेलं तिमाही बिल लगेचच्या खेपेत मिळालं. फिल्टरचे पैसे संस्थेनं मान्य केले. बेल्टचे अर्धेच केले, आणि कंपनीनं ते धरून ठेवलं नाही. इंग्रजी जोडपत्राचं अरबी करून दोन्ही बाजूंनी त्यावर सह्या झाल्या, त्यात वस्तूंची यादी आली, आणि वर्षअखेरीला करार पुढे चालू राहिला.

सगळंच पूर्ववत झालं नाही. त्यानंतर वर्षभर संस्थेचं प्रत्येक पत्र कायदा विभागाला प्रत देऊनच येत राहिलं. पूर्वी एका फोनवर होणाऱ्या गोष्टींना आता आवक-जावक क्रमांक लागू लागले. भाषा पुन्हा सौम्य झाली, पण मोकळी झाली नाही. पैशांत मोजता येत नाही अशी ही किंमत कंपनीनं चुकवली, आणि ती गॅसच्या बिलापेक्षा मोठी होती असं अभियंत्यांचं म्हणणं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या पत्राच्या आधी एक फोन व्हायला हवा होता. ‘इस्तीदाह’ या विषयाचं पत्र तिथल्या कचेऱ्यांत बहुतेक वेळा कुणीतरी वर प्रश्न विचारल्यामुळे निघतं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या फाइलसाठी नीट उत्तर हवं असतं. हे फोनवर कळलं असतं तर चार ओळींचा मसुदा दिलाच गेला नसता.

मंदूब दारात उभा असताना औपचारिक अरबी लिहून घेणं बंद व्हायला हवं. घाईत माणूस शिकलेल्या भाषेतला सगळ्यांत भारदस्त शब्द उचलतो, आणि भारदस्त शब्द पुस्तकांतून आलेले असतात. मराठी आणि उर्दूतून अरबीकडे जाणाऱ्यांना हा धोका जास्त आहे. कबूल, हाल, मालूम, बयान हे शब्द आपल्या कानांना घरचे वाटतात आणि त्यांचा तिथला सूरही ओळखीचाच असेल असं वाटून जातं. उर्दू निबंधात ‘बदीही’ निर्धोक आहे. अरबी निबंधातही आहे. संचालकाच्या टेबलावर नाही.

अनुवादकाला प्रश्न विचारायची मुभा असायला हवी होती. ‘सर, हे उघड का आहे?’ असं तिनं त्या दुपारी विचारलं असतं तर गॅसचा मुद्दा तिथेच निघाला असता. ती विचारू शकली नाही, कारण तिच्याकडे भाषेचं काम होतं आणि कारणं हे अभियंत्यांचं खातं मानलं जायचं. आता कंपनीत नियम केला आहे की मसुद्यात ‘अर्थातच’ किंवा ‘उघड आहे’ अशा अर्थाचा शब्द आला की अनुवादक त्यापुढे रिकामी चौकट काढून मसुदा परत पाठवते, आणि अभियंता तिथे कलमाचा क्रमांक किंवा कारण लिहितो. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच चौकटी रिकाम्याच परत आल्या आणि ती वाक्यं पत्रांतून गेली.

एका मुद्द्यावर तिचं आणि माझं अजून जुळत नाही. तिच्या मते पहिल्या पत्रात ‘मिन नाफिलतिल-कौल’ वापरून पुढे कारणं दिली असती तर ते चाललं असतं, कारण त्या शब्दांत बोलणारा स्वतःचं बोलणंच जादाचं ठरवतो आणि तरीही बोलतो. व्याख्यानात मी हे मान्य करेन. विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात नाही.

जोडपत्राच्या अरबी यादीत धुऊन पुन्हा बसवायचे फिल्टर आणि बदलावेच लागणारे फिल्टर असा फरक अजून केलेला नाही. दोन्हींसाठी एकच शब्द आहे. पुढच्या नूतनीकरणाच्या आधी तो दुरुस्त करायचं ठरलं आहे, आणि त्याचा मसुदा तिच्याकडे आहे.